दुसऱ्याने लिहिलेलं पुढे पाठवताना: कॉपीराइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांगला मजकूर हाती आला की तो इतरांना दाखवावासा वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. पण तो मजकूर कुणीतरी वेळ काढून, विचार करून लिहिलेला असतो. पुढे पाठवण्याच्या साखळीत सर्वांत आधी गळतं ते त्याचंच नाव. ही प्रश्नोत्तरं त्या लिहिणाऱ्याला समोर ठेवून तयार केली आहेत. कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात, म्हणून जिथे फरक पडतो तिथे देशाचा उल्लेख केला आहे. प्रकरण नुकसानभरपाईपर्यंत किंवा कोर्टापर्यंत गेलं असेल, तर मात्र वकिलालाच गाठा.

मेसेज, पत्र, प्रतिक्रिया अशा छोट्या लिखाणालाही कॉपीराइट असतो का?

बहुतेक वेळा असतो. कॉपीराइट फक्त पुस्तकांना असतो हा समज फार पसरलेला आहे, पण कायदा लिखाणाची लांबी किंवा प्रतिष्ठा बघत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने स्वतः रचला आहे का, आणि तो कागदावर किंवा पडद्यावर कुठेतरी उतरला आहे का, एवढंच पाहिलं जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी कशी घ्यावी हे कुणी स्वतःच्या अनुभवातून चार परिच्छेदांत लिहिलं असेल, तर त्या परिच्छेदांना कादंबरीइतकंच संरक्षण आहे.

अर्थात याला खालची मर्यादा आहे. "उद्या सकाळी येतो" किंवा "मनापासून अभिनंदन" या वाक्यांवर कुणाचाच हक्क नसतो. नुसत्या माहितीवरही नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली फाइस्ट खटल्यात टेलिफोन डिरेक्टरीतल्या नावांच्या यादीला कॉपीराइट नाकारला. यादी करायला मेहनत लागली हे खरं, पण वर्णानुक्रमे नावं लावण्यात निर्मितीचा अंश नाही, असं न्यायालयाने म्हटलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2007 साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात केवळ श्रम पुरेसे नाहीत, थोडी तरी सर्जकता हवी, अशी भूमिका घेतली. दुसरीकडे युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2009 साली इन्फोपाक खटल्यात सांगितलं की वर्तमानपत्राच्या लेखातले अवघे 11 शब्दसुद्धा संरक्षित असू शकतात. त्यांत लेखकाची स्वतःची बौद्धिक निर्मिती उतरलेली असली म्हणजे झालं. त्यामुळे चार ओळींची कविता संरक्षित आणि चार पानांची नावांची यादी मोकळी, असं सहज घडू शकतं.

मजकुराखाली कॉपीराइटची खूण नव्हती, "सर्व हक्क राखीव" असंही लिहिलं नव्हतं. मग?

काही फरक पडत नाही. साहित्य आणि कलाकृतींच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय बर्न करार 1886 साली झाला, आणि 1908 साली बर्लिनमध्ये त्यात सुधारणा होऊन संरक्षणासाठी कसलीही औपचारिकता लागणार नाही हे ठरलं. लिहिलं की हक्क आला. अमेरिकेत मात्र बराच काळ खूण छापणं आवश्यक होतं. तो देश 1 मार्च 1989 पासून बर्न कराराला बांधला गेला आणि तिथलीही ती अट गेली. खूण नसेल तर मजकूर मोकळा, हा समज बहुधा त्या जुन्या अमेरिकी नियमातूनच उरला असावा.

नोंदणीचंही तसंच आहे. भारतात ती ऐच्छिक आहे. अमेरिकेत तिथल्याच कृतीवरून खटला भरायचा तर आधी नोंदणी लागते, पण हक्क त्याआधीपासूनच असतो.

तो मेसेज मलाच पाठवलेला होता. मग तो माझाच झाला ना?

ज्या कागदावर किंवा ज्या फोनवर तो आला, तो तुमचा. शब्द लिहिणाऱ्याचे.

हा वाद इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. 1741 साली इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप यांनी प्रकाशक एडमंड कर्ल यांच्यावर दावा लावला. कर्ल यांनी पोप आणि त्यांच्या मित्रांमधला पत्रव्यवहार परवानगीशिवाय छापला होता. पत्र पाठवलं की ते भेट म्हणून देऊन टाकल्यासारखंच आहे, असा बचाव त्यांच्या बाजूने करण्यात आला. न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी तो मानला नाही. पत्र मिळालेल्या माणसाला फार तर कागदावर मालकी मिळते, मजकूर जगासमोर छापण्याची परवानगी त्यातून मिळत नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याच निकालाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. पोप यांना मनाई मिळाली ती त्यांनी स्वतः लिहिलेल्या पत्रांपुरती. त्यांना आलेल्या पत्रांवर त्यांचा हक्क मानला गेला नाही, कारण त्यांचे लेखक दुसरे होते.

जवळजवळ अडीचशे वर्षांनी, 1987 साली, अमेरिकेतल्या अपील न्यायालयापुढे कादंबरीकार जे. डी. सॅलिंजर यांनी लिहिलेल्या पत्रांचं प्रकरण आलं. ज्यांना पत्रं आली होती त्यांनी ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांना दिली होती. तिथे कुणीही जाऊन ती वाचू शकत होतं. एका चरित्रकाराने त्यांतला मजकूर वापरला, आक्षेप आल्यावर बरीच अवतरणं काढून आशय आपल्या वाक्यांत मांडला. पण वाक्यांची ठेवण मुळाच्या इतकी जवळ राहिली की न्यायालयाने ते पुस्तक त्या रूपात छापायला मनाई केली. या निकालावर अभ्यासकांनी पुष्कळ टीका केली, आणि 1992 साली अमेरिकी संसदेने कायद्यात एक वाक्य घातलं: लिखाण अप्रकाशित आहे एवढ्याच कारणावरून त्याचा वापर अयोग्य ठरणार नाही. ही दुरुस्ती योग्यच होती, नाहीतर इतिहास लिहिणं अवघड झालं असतं. पण पाठवणाऱ्याचा हक्क पाठवल्यावरही त्याच्याकडेच राहतो, हे मूळ तत्त्व त्या दुरुस्तीनेही हललं नाही.

लेखकाने स्वतःच तो सगळ्यांना दिसेल असा टाकला होता. आता तो सार्वजनिकच आहे ना?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. सगळ्यांना दिसतो तो मजकूर वेगळा आणि ज्याच्यावरचा हक्क संपला तो मजकूर वेगळा. लेखकाने वाचायला मोकळीक दिली आहे. नक्कल करून दुसरीकडे लावायची परवानगी वेगळी मागावी लागते.

जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांनी उद्ध्वस्त शहराची छायाचित्रं ट्विटरवरून सर्वांना दिसतील अशी ठेवली. काही वेळातच दुसऱ्याच कुणीतरी ती उचलून स्वतःच्या खात्यावर टाकली. एएफपी या वृत्तसंस्थेने ती त्या दुसऱ्या खात्यावरून घेतली आणि चुकीच्या नावासह जगभर पाठवली. गेटी या छायाचित्रसंस्थेमार्फतही ती वितरित झाली. खटल्यात एएफपीचं म्हणणं असं की ट्विटरवर टाकल्यामुळे इतरांना वापराची परवानगी मिळतेच. न्यायालयाने ते फेटाळलं. खातं उघडताना आपण ज्या अटी मान्य करतो, त्यांतून परवानगी मिळते ती त्या सेवेला. वाटेवरच्या प्रत्येकाला ती मिळत नाही. 2013 साली ज्युरीने मोरेल यांना सुमारे 12 लाख डॉलर देववले.

छायाचित्राला लागू होतं ते लेखनालाही होतं. आणि प्रकरण इतकं मोठं असावं लागतं असंही नाही. जर्मनीतल्या एका शाळकरी मुलीने प्रवासविषयक संकेतस्थळावरचं कोर्दोबा शहराचं छायाचित्र आपल्या शाळेच्या प्रकल्पात वापरलं. खाली ते कुठून घेतलं हेही लिहिलं. शाळेने तो प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर ठेवला. छायाचित्रकाराने आक्षेप घेतला आणि 2018 साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला: मुळात कुणालाही फुकट पाहता येणारं छायाचित्र असलं, तरी ते पुन्हा दुसऱ्या संकेतस्थळावर चढवायला स्वतंत्र परवानगी हवी. त्यामागचं कारण मला अगदी पटतं. मूळ जागेवरून ते कधी काढून टाकावं हे ठरवण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडे राहिला पाहिजे, आणि दुसरीकडे नक्कल असली की तो हातून जातो.

मग लिंक दिली तर?

लिंक द्या, निर्धास्तपणे द्या. लेखकाने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या मजकुराची लिंक देणं म्हणजे त्याच्या हक्काचा भंग नव्हे, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2014 साली स्वेन्सन खटल्यात मान्य केलं आहे. लिंकमुळे वाचणारा थेट लेखकापाशी पोहोचतो. लेखकाने पुढे काही दुरुस्त केलं तर त्याला दुरुस्त केलेलंच दिसतं. औषधोपचार, कर, कायदा असे विषय असतील तर हा फायदा फार मोठा आहे, कारण अशा मजकुराच्या जुन्या नकला वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि लेखकाने सुधारलेली चूक त्या नकलांत तशीच राहते. फक्त मूळ मजकूरच कुणी चोरून चढवलेला आहे हे माहीत असेल, तर त्याची लिंक देऊ नका.

लेखकाचं नाव दिलं की पुरतं ना?

नाव देणं आवश्यक आहे, पण नाव म्हणजे परवानगी नव्हे. "साभार" लिहून अख्खा लेख उचलला, तर आभार मानले एवढंच, परवानगी घेतली असं होत नाही.

तरीही नावाचं महत्त्व कमी लेखू नका. बर्न कराराच्या 1928 च्या रोममधल्या सुधारणेत लेखकाचे नैतिक हक्क आले. हे माझं लेखन आहे असं म्हणण्याचा हक्क त्यांत पहिला आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 याचसाठी आहे, आणि लेखकाने आर्थिक हक्क विकून टाकले तरी हा हक्क त्याच्याकडे उरतो. पैशांचं नुकसान कधी ना कधी भरून काढता येतं. आपलंच लिखाण दुसऱ्याच्या नावाने आपल्याकडे येतं आणि हे मी लिहिलं आहे असं सांगितल्यावर समोरच्याचा विश्वास बसत नाही, तेव्हा जे लागतं ते भरून निघत नाही.

लेखक कोण तेच कळत नाही. "लेखक अनामिक" असं लिहून पाठवू का?

शोधल्याशिवाय नको. फिरत आलेल्या मजकुराचा लेखक अनामिक असतो याचं कारण बहुतेकदा एवढंच की वाटेत कुणीतरी नाव गाळलं. मजकुरातलं एखादं वेगळं वाक्य निवडा, अवतरणचिन्हांत घालून शोधा, आणि सर्वांत जुनी तारीख असलेली प्रत पाहा. मधल्या भागातलं वाक्य घ्या, कारण सुरुवात आणि शेवट लोक बदलतात. प्रसिद्ध नाव आढळलं तर जास्त सावध व्हा. थोर लेखकांच्या आणि शास्त्रज्ञांच्या नावावर खपवलेला, त्यांनी कधीच न लिहिलेला मजकूर अमाप आहे. त्यात ज्याने लिहिलं त्याचं श्रेय जातं आणि ज्याचं नाव लावलं त्याच्या तोंडी भलतंच घातलं जातं, असा दोघांवरही अन्याय होतो.

शोधूनही सापडलं नाही, तरी कॉपीराइट संपत नाही. अनामिक आणि टोपणनावाच्या लेखनालाही मुदत असते. भारतात ती प्रकाशनापासून 60 वर्षांची आहे. अशा वेळी पूर्ण मजकूर न पाठवता त्यातला मुद्दा आपल्या शब्दांत सांगणं हा सरळ मार्ग आहे. पाठवलाच, तर "मूळ लेखक माहीत नाही, माहीत असल्यास कळवा" असं स्पष्ट लिहा आणि कुणी कळवलं तर नाव खरोखरच घाला.

किती शब्द घेतले तर चालतात? दहा टक्क्यांचा नियम आहे ना?

असा नियम कायद्यात नाही. ना दहा टक्क्यांचा, ना तीनशे शब्दांचा, ना तीन ओळींचा. काही प्रकाशनसंस्था आपल्या सोयीसाठी असे आकडे ठरवतात, ते त्यांच्यापुरते.

न्यायालयं काय बघतात हे दोन अमेरिकी खटल्यांवरून कळतं. 1841 सालच्या फॉल्सम विरुद्ध मार्श खटल्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या चरित्राच्या 866 पानांपैकी 353 पानं आधीच्या एका ग्रंथमालेतून जशीच्या तशी घेतलेली होती, आणि त्यांत मुख्यतः पत्रंच होती. न्यायमूर्ती स्टोरी यांनी तेव्हा जे निकष मांडले, त्यांतूनच अमेरिकेच्या 1976 च्या कायद्यातले योग्य वापराचे, म्हणजे परवानगीशिवायही चालणाऱ्या वापराचे, चार निकष आले: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, घेतलेल्या भागाचं प्रमाण आणि महत्त्व, आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम.

दुसरा खटला 1985 चा. माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या आठवणींचं सुमारे दोन लाख शब्दांचं हस्तलिखित छापून यायचं होतं. 'द नेशन' नियतकालिकाने त्यातले जेमतेम तीनशे शब्द आधीच छापले. प्रमाण बघाल तर नगण्य. पण ते शब्द फोर्ड यांनी आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना दिलेल्या माफीबद्दलचे, म्हणजे पुस्तकाचा गाभाच होते. 'टाइम' नियतकालिकाने त्या भागाच्या पूर्वप्रसिद्धीचा करार केला होता, तो मोडला. सर्वोच्च न्यायालयाने हा वापर योग्य मानला नाही.

तेव्हा शब्द मोजू नका. मी घेतलेला भाग वाचल्यावर मूळ लेखाकडे जायची गरज उरते का, हे स्वतःला विचारा. उरत नसेल तर तुम्ही जास्त घेतलं आहे.

एखाद्याच्या लिखाणावर टीका करायची आहे. त्याचे शब्द न देता ती कशी करणार?

द्या. द्यायलाच हवेत. टीकेसाठी अवतरण देण्याला परवानगी लागत नाही आणि लागूही नये. लेखकाच्या संमतीनेच त्याच्यावर टीका करता आली असती, तर टीका उरलीच नसती. बर्न कराराचं कलम 10 हे अवतरणाच्या बाजूने उभं आहे. अट अशी की मजकूर कायदेशीररीत्या जनतेसमोर आलेला हवा, अवतरण हेतूला आवश्यक तेवढंच हवं, आणि मूळ ठिकाणाचा व लेखकाचा उल्लेख हवा. भारतात कलम 52 टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराला मुभा देतं. ब्रिटनमध्ये 2014 पासून अवतरणासाठी स्वतंत्र तरतूद आहे.

अवतरण देताना ज्या वाक्यावर बोलायचं आहे ते पूर्ण द्या. आधीचं "पण" किंवा नंतरचं "तथापि" कापून अर्थ फिरवू नका. अवतरण आणि तुमचं बोलणं वेगळं ओळखू आलं पाहिजे, आणि तुमचं बोलणं जास्त हवं. समोरच्याचे दोन हजार शब्द डकवून खाली "काय हा मूर्खपणा" एवढंच लिहिलं, तर त्याला समीक्षा म्हणता येणार नाही.

माझ्या शब्दांत सांगितलं तर?

कल्पना, माहिती, युक्ती, घटना यांवर कॉपीराइट नसतो. असतो तो मांडणीवर. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालच्या आर. जी. आनंद खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केलं: विषय किंवा कथाकल्पना एकच असली म्हणून चोरी होत नाही. वाचून बाजूला ठेवा, मग आठवून लिहा. मूळ मजकूर समोर ठेवून एकेक शब्द बदलत गेलात, तर सॅलिंजरच्या चरित्रकारासारखं होतं. आणि कायदा मागत नसला तरी कल्पना कुणाकडून मिळाली हे सांगा.

भाषांतर मी केलं आहे. ते तरी माझंच ना?

भाषांतरातले तुमचे शब्द तुमचे आहेत, पण ते प्रसिद्ध करायला मूळ लेखकाची परवानगी लागते. बर्न कराराच्या कलम 8 नुसार भाषांतराचा हक्क लेखकाचा आहे. परभाषेतला लेख मराठीत आणून खाली फक्त आपलं नाव घालणं मी बरेचदा पाहते, आणि त्यात दोन गोष्टी राहून जातात: परवानगी आणि मूळ लेखकाचं नाव. लेखक बहुधा आनंदाने हो म्हणतात. आपलं लिखाण नव्या वाचकांपर्यंत जाणार हे कुणाला नको असतं?

मजकूर थोडा बदलला, शेवटी दोन ओळी माझ्या जोडल्या. चालेल?

नाही. लेखकाच्या नावाखाली तुमच्या ओळी जातात आणि त्यांची जबाबदारी विनाकारण त्याच्यावर येते. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क हा नैतिक हक्कांचाच दुसरा भाग आहे. तुम्हाला जे म्हणायचं आहे ते आधी, वेगळं, तुमच्या नावाने लिहा. शुद्धलेखन सुधारायलासुद्धा विचारलेलं बरं. कवितेत तर ओळ कुठे तुटते हाही लेखनाचाच भाग असतो.

स्क्रीनशॉट काढला तर ती नक्कल धरतात का?

धरतात. चित्र झालं म्हणून आतले शब्द बदलत नाहीत.

मी यातून एक पैसाही कमावत नाही.

हेतू व्यापारी नसणं ही न्यायालयात तुमच्या बाजूची एक गोष्ट ठरते, संपूर्ण बचाव ठरत नाही. लेखकाचं उत्पन्न बुडालं की तुम्ही कमावलं नाही याने त्याची भरपाई होत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत ठेवणं वेगळं. भारतीय कायदा खासगी वापर आणि संशोधनाला मुभा देतो. पण शेकडो जणांना पाठवलेली प्रत खासगी वापरात बसवणं कठीण आहे.

कुणी मला धमकीचे किंवा घाणेरडे मेसेज पाठवले. ते उघड केले तर उलट माझ्यावरच कॉपीराइटचा दावा लागेल का?

ही भीती बाळगून गप्प बसू नका. पोलिसांकडे किंवा न्यायालयात पुरावा म्हणून मेसेज देण्याला कॉपीराइट आड येत नाही. न्यायालयीन कामासाठी केलेली नक्कल भारतीय कायद्याने स्पष्टपणे मोकळी ठेवली आहे. मूळ मेसेज पुसू नका, तारीख-वेळ दिसेल अशी प्रत ठेवा.

चारचौघांत उघड करताना मात्र कॉपीराइटपेक्षा खासगीपणाचा आणि बदनामीचा कायदा जास्त लागू होतो, आणि तिथे खरोखर सल्ला घ्यायला हवा. त्या मेसेजमध्ये तिसऱ्याच माणसाचं नाव, नंबर, आजारपण आलं असेल तर ते झाका. त्याचा या भांडणाशी संबंध नाही.

विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचंही इथेच बोलते. कुणी मन मोकळं करून लिहिलेला मेसेज कॉपीराइटच्या कसोटीवर कदाचित दुबळा ठरेल, इतका साधा असेल. तरी तो दुसरीकडे दाखवू नये. सगळे प्रश्न कॉपीराइटने सुटत नाहीत, आणि हा त्यांपैकी आहे.

परवानगी मागायची कशी? अवघडल्यासारखं होतं.

छोटं आणि नेमकं लिहा. उदाहरणार्थ: "नमस्कार. तुमचा अमुक विषयावरचा मजकूर वाचला, फार उपयोगी वाटला. तो पूर्ण, काहीही न बदलता, तुमच्या नावासह अमुक ठिकाणी द्यायची इच्छा आहे. वाचणारे साधारण अमुक लोक आहेत, पैसे घेतले जात नाहीत. परवानगी द्याल का? नाव कसं लिहावं तेही कळवा." शेवटचं वाक्य विसरू नका. काहींना खरं नाव नको असतं, टोपणनाव हवं असतं.

उत्तर आलं नाही तर तो नकार समजा. मौनाला होकार मानायची सवय इथे उपयोगाची नाही. आणि परवानगीचा मेसेज जपून ठेवा.

माझंच लिखाण दुसऱ्याच्या नावाने फिरतं आहे. काय करू?

आधी पुरावा गोळा करा: तुमची मूळ प्रत तारखेसह, मसुदे असतील तर तेही, आणि त्या दुसऱ्या प्रतीचा पत्ता व चित्र. मग ज्याने टाकलं त्याला सरळ लिहा. त्यालाही तो मजकूर नाव गळूनच मिळाला असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पहिल्या मेसेजमध्ये चोर म्हणू नका. काय हवं ते स्पष्ट सांगा. नाव घालायला हवं आहे की मजकूर काढायला हवा आहे?

त्याने दाद दिली नाही तर ज्या सेवेवर मजकूर आहे तिच्याकडे तक्रार करा. अमेरिकेतल्या सेवा 1998 च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार अशी तक्रार घेतात. भारतातही कलम 52 मध्ये तरतूद आहे: लेखी तक्रार आली की सेवेने 21 दिवस तो मजकूर दिसू द्यायचा नाही, आणि त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही तर ती तो पुन्हा खुला करू शकते. तक्रारीत मूळ कृती कोणती, नक्कल नेमकी कुठे आहे आणि तुम्ही हक्कदार कसे, हे लिहा. रागाचे परिच्छेद लिहिल्याने तक्रार बळकट होत नाही.

माझ्याविरुद्ध अशी तक्रार आली, पण मी फक्त टीकेसाठी दोन वाक्यं घेतली होती.

मग तसं उत्तर द्या. अमेरिकी पद्धतीत प्रतिसूचना, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं सेवेला लेखी कळवणारं उत्तर, देता येते. ती दिल्यावर तक्रारदाराने दावा लावला नाही, तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. तिथल्या एका अपील न्यायालयाने 2015 साली असंही म्हटलं की तक्रार करण्याआधी हा वापर योग्य वापरात बसतो का, याचा विचार हक्कदाराने करायलाच हवा. नको असलेली टीका दाबण्यासाठी कॉपीराइटच्या तक्रारी केल्या जातात, हे खरं आहे. त्यामुळे खऱ्या लेखकांच्या तक्रारींकडेही संशयाने पाहिलं जातं, म्हणून याची मला जास्त चीड येते.

माझं लिखाण लोकांनी मोकळेपणाने पुढे न्यावं असं मला वाटतं. तसं सांगता येतं का?

येतं, आणि मजकुरातच सांगा. "नावासह, बदल न करता पुढे पाठवायला हरकत नाही" हे एक वाक्य पुरतं. जास्त नेमकेपणा हवा असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. ही संस्था 2001 साली स्थापन झाली आणि पहिले परवाने डिसेंबर 2002 मध्ये आले. नाव द्या, व्यापारी वापर नको, बदल नको, किंवा बदल केलात तर तोही याच अटींवर खुला ठेवा, अशा अटींतून निवड करता येते. विकिपीडियाचा मजकूर अशाच परवान्याखाली आहे, आणि तिथून घेतानाही उल्लेख करावा लागतो. एकदा दिलेला असा परवाना ज्यांनी घेतला त्यांच्याकडून परत घेता येत नाही, हे ठरवण्याआधी लक्षात घ्या.

लेखक हयात नाही. आता कुणाला विचारायचं?

वारसांना. बर्न करारात मृत्यूनंतर किमान 50 वर्षांची मुदत आहे. भारतात ती 60 वर्षांची आहे, युरोपीय संघात 70 वर्षांची. अमेरिकेतही 1978 पासूनच्या लेखनाला साधारणपणे 70 वर्षंच. वारस अनेक असले तर एकाचा होकार सगळ्यांचा धरू नका. पत्रं असतील तर ज्याने लिहिली त्याचे वारस शोधायचे, ज्याच्या कपाटात सापडली त्याचे नव्हे.

मी पूर्वी परवानगीशिवाय पाठवलेलं आहे. लेखकाने आता काढायला सांगितलं.

जिथून काढता येईल तिथून त्याच दिवशी काढा आणि तसं त्याला कळवा. पुढे ज्यांना गेलं असेल त्यांना लेखकाचं नाव आणि मूळ ठिकाणाची लिंक पाठवा. सगळ्या नकला परत आणता येणार नाहीत. पण हे लवकर केलं, तर पुढे फिरणाऱ्या काही प्रती तरी नावासह फिरतील.